शेल्बी ली ॲडम्स यांच्या छायाचित्रांतील डोंगरी जीवन : एक चिकित्सा

प्रस्तावना

छायाचित्रण ही कला आहे की नोंद, हा प्रश्न छायाचित्रणाच्या जन्मापासून विचारला जात आहे. दस्तऐवजी छायाचित्रणाच्या बाबतीत तो अधिक टोकदार होतो, कारण येथे नोंदीचा विषय जिवंत माणूस असतो. हा माणूस बहुतेक वेळा गरीब, दूरस्थ आणि स्वतःच्या प्रतिमेवर फारसे नियंत्रण नसलेला असतो. अमेरिकन छायाचित्रकार शेल्बी ली ॲडम्स यांची कारकीर्द या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पुढील कित्येक दशके त्यांनी केंटकी राज्याच्या पूर्वेकडील डोंगराळ भागातील कुटुंबांची छायाचित्रे घेतली. एकाच भूभागाशी, आणि कित्येकदा एकाच कुटुंबाच्या तीन-चार पिढ्यांशी, इतकी दीर्घ निष्ठा राखणारे छायाचित्रकार थोडे आहेत. तरीही या कामाइतके वादग्रस्त ठरलेले कामही थोडेच आहे. ज्यांची छायाचित्रे घेतली ते लोक ॲडम्स यांना घरचा माणूस मानतात, तर त्याच प्रदेशातील अनेक सुशिक्षित वाचकांना आणि महानगरांतील काही समीक्षकांना ही छायाचित्रे डोंगरी माणसाचे विद्रूपीकरण वाटतात.

प्रस्तुत लेखात या विरोधाभासाची चिकित्सा केली आहे. ॲडम्स 'आतले' की 'बाहेरचे' या प्रश्नाभोवती ही चर्चा दीर्घकाळ फिरत राहिली. मराठी समीक्षेलाही ग्रामीण आणि दलित साहित्याच्या निमित्ताने हा प्रश्न परिचयाचा आहे. अनुभवाची अस्सलता लेखकाच्या जन्मस्थानावरून ठरते काय, हा वाद आपल्याकडेही झाला आहे. ॲडम्स यांच्या संदर्भात मात्र हा प्रश्न पुरेसा ठरत नाही. छायाचित्र घेताना निर्माण झालेले विश्वासाचे नाते छायाचित्रात उतरते का, आणि ते नाते ठाऊक नसलेल्या प्रेक्षकापर्यंत पोहोचते का, हा खरा प्रश्न आहे, अशी या लेखाची भूमिका आहे.

डोंगराची आधीच तयार झालेली प्रतिमा

ॲपलेशियन पर्वतरांग अमेरिकेच्या पूर्व भागात ईशान्येकडून नैऋत्येकडे पसरलेली आहे. केंटकीचा पूर्व भाग हा या प्रदेशातील कंबरलँड पठाराचा हिस्सा. येथील वस्ती ओढ्यांच्या काठाने, अरुंद दऱ्यांमधून वर चढत गेलेली आहे. या दऱ्यांना स्थानिक बोलीत 'हॉलर' म्हणतात. हॉलरच्या तोंडाशी राहणारे आणि त्याच्या अगदी वरच्या टोकाला राहणारे यांच्यात केवळ अंतराचाच नव्हे, तर प्रतिष्ठेचाही फरक मानला जातो. ॲडम्स यांची बहुतेक माणसे या वरच्या टोकाची आहेत.

कॅमेरा येथे पोहोचण्यापूर्वीच या माणसांची एक प्रतिमा छापील मजकुराने तयार केली होती. १८७३ साली विल वॉलेस हार्नी यांनी एका मासिकातील लेखाच्या शीर्षकातच हा प्रदेश 'अनोखा' आणि तेथील लोक 'विलक्षण' ठरवले. १८९९ साली बेरिया महाविद्यालयाचे अध्यक्ष विल्यम गुडेल फ्रॉस्ट यांनी डोंगरी लोकांना 'आपले समकालीन पूर्वज' म्हटले. फ्रॉस्ट यांचा हेतू सहानुभूतीचा होता, महाविद्यालयासाठी मदत मिळवण्याचाही होता. परंतु 'समकालीन पूर्वज' या शब्दप्रयोगाने डोंगरी माणूस वर्तमानाबाहेर ढकलला गेला. तो मागे राहिलेला असल्यामुळे एक तर सुधारण्याचा विषय, नाही तर जपून ठेवण्याचा विषय ठरला.

छायाचित्रणाने या दोन्ही भूमिका पुढे चालवल्या. न्यूयॉर्कच्या डोरिस उलमन (१८८२–१९३४) यांनी दक्षिणेकडील डोंगरांतील कारागीर आणि गायकांची मृदू, चित्रसदृश छायाचित्रे घेतली. त्यांतील अनेक ॲलन ईटन यांच्या १९३७ सालच्या हस्तकलाविषयक ग्रंथात आली. जुन्या काळाचा भाव यावा म्हणून उलमन आपल्या माणसांना पेटीतले जुने कपडे घालायला सांगत. जपणुकीची ही दृष्टी होती. दुसरी दृष्टी सुधारणेची. १९३५ मध्ये वॉकर इव्हान्स आणि बेन शाह्न यांनी वेस्ट व्हर्जिनियातील कोळसा खाणींच्या वस्त्या टिपल्या, तर १९४० मध्ये मॅरियन पोस्ट वोल्कॉट यांनी केंटकीच्या ब्रेथिट परगण्यात शासकीय प्रकल्पासाठी काम केले.

१९६४ मध्ये हा ओघ महापुरासारखा झाला. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी 'दारिद्र्याविरुद्ध युद्ध' पुकारले. जानेवारीत 'लाइफ' नियतकालिकात जॉन डॉमिनिस यांची पूर्व केंटकीतील दारिद्र्याची छायाचित्रमालिका प्रसिद्ध झाली. एप्रिलमध्ये जॉन्सन केंटकीतील आयनेझ येथे एका बेरोजगार माणसाच्या ओसरीवर बसले, आणि ते छायाचित्र देशभर पोहोचले. डिसेंबरात चार्ल्स कुराल्ट यांचा ॲपलेशियातील नाताळावरील कार्यक्रम दूरचित्रवाणीवर झाला. या मोहिमेतून रस्ते, अन्नसाहाय्य आणि १९६५ मध्ये स्थापन झालेला ॲपलेशियन प्रादेशिक आयोग अशी काही ठोस फळे मिळाली. त्याचबरोबर डोंगरी माणसाच्या मनात कॅमेऱ्याविषयी एक खोल संशयही रुजला. सप्टेंबर १९६७ मध्ये लेचर परगण्यातील जेरेमाया येथे कॅनडाचे चित्रपटकार ह्यू ओकॉनर भाड्याच्या घरांसमोर चित्रीकरण करत असताना घरमालकाने त्यांना गोळी घालून ठार केले. स्थानिक लोकांपैकी अनेकांची सहानुभूती मारणाऱ्याकडे होती. पूर्व केंटकीतच वाढलेल्या एलिझाबेथ बॅरेट यांनी २००० साली 'स्ट्रेंजर विथ अ कॅमेरा' या माहितीपटात या घटनेचा शोध घेतला. कॅमेरा घेऊन येणाऱ्याची जबाबदारी काय, आणि ज्याच्यावर कॅमेरा रोखला जातो त्याला काय वाटते, हे दोन्ही प्रश्न त्यांनी स्वतःलाही विचारले.

ओकॉनर मारले गेले तेव्हा ॲडम्स सोळा-सतरा वर्षांचे असावेत. पुढे त्यांनी ज्या भूमीत काम केले, तेथे कॅमेरा ही निरागस वस्तू राहिलेली नव्हती, हे त्यांच्या कामाचे मूल्यमापन करताना विसरता येत नाही.

कारकीर्द आणि कार्यपद्धती

ॲडम्स यांचा जन्म १९५० साली केंटकीतील हॅझर्ड येथे झाला. बालपणाचा काही काळ त्यांनी याच डोंगराळ भागात घालवला. त्यांचे एक काका खेड्यांतून फिरून रुग्ण पाहणारे डॉक्टर होते. हॉलरच्या वरच्या टोकाला राहणाऱ्या कुटुंबांची दारे ॲडम्स यांच्यासाठी प्रथम उघडली ती या काकांच्या सोबतीमुळे. कलाशिक्षण मात्र त्यांनी ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथे घेतले आणि पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये अध्यापन केले. उन्हाळ्यात केंटकीला परतायचे, ओळखीच्या कुटुंबांना भेटायचे, मागील वर्षीच्या छायाचित्रांच्या प्रती द्यायच्या आणि नवी छायाचित्रे घ्यायची, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम राहिला. म्हणजे ॲडम्स जन्माने या प्रदेशाचे, शिक्षणाने आणि व्यवसायाने बाहेरचे. त्यांचे नाते वास्तव्याचे नसून परतून येण्याचे आहे.

त्यांची ग्रंथसंपदा या परतून येण्याची साक्ष देते. 'ॲपलेशियन पोर्ट्रेट्स' (१९९३), 'ॲपलेशियन लेगसी' (१९९८) आणि 'ॲपलेशियन लाइव्ह्ज' (२००३) ही तीन पुस्तके मिसिसिपी विद्यापीठ मुद्रणालयाने प्रसिद्ध केली. त्यानंतर 'सॉल्ट अँड ट्रुथ' (२०११) आले आणि २०२३ मध्ये 'फ्रॉम द हेड्स ऑफ द हॉलर्स' प्रसिद्ध झाले. २०१० साली त्यांना गुगेनहाइम पाठ्यवृत्ती मिळाली. पहिल्या पुस्तकाला कादंबरीकार ली स्मिथ यांच्या लेखनाची जोड आहे. दुसऱ्या पुस्तकात स्वतः ॲडम्स यांनी कुटुंबांविषयी विस्ताराने लिहिले आहे. या बदलाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

कार्यपद्धतीचा विचार करता, ॲडम्स यांचे मुख्य साधन म्हणजे तिकाटण्यावर उभा करावा लागणारा, चार बाय पाच इंची फिल्मचा मोठा कॅमेरा. हा कॅमेरा लपवता येत नाही आणि घाईने वापरताही येत नाही. छायाचित्रकाराला काळ्या कापडाखाली डोके घालून काचेवरील उलटी प्रतिमा जुळवावी लागते. समोरच्या माणसाला थांबावे लागते, तयार व्हावे लागते. क्षण चोरून टिपण्याची शक्यताच या पद्धतीत राहत नाही. प्रत्यक्ष फिल्म वापरण्यापूर्वी ॲडम्स पोलरॉइडवर चाचणी प्रतिमा घेत आणि ती घरच्या माणसांना दाखवत. ती पाहून माणसे उभे राहण्याची जागा बदलत, कुणाला तरी बोलावून घेत, एखादी आवडती वस्तू हातात घेत. पोलरॉइडची प्रत त्यांच्याकडेच राही. ॲडम्स आपल्या माणसांना 'सहयोगी' म्हणतात, त्यामागे या प्रत्यक्ष देवघेवीचा आधार आहे.

या पद्धतीचा आणखी एक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. दारिद्र्याच्या मोहिमेतील छायाचित्रांत माणूस बहुधा कॅमेऱ्याकडे पाहत नाही; तो आपल्या दुःखात असतो आणि प्रेक्षक ते दुरून पाहतो. ॲडम्स यांच्या छायाचित्रांतील माणूस मात्र थेट समोर पाहतो. त्याने छायाचित्राला होकार दिलेला आहे हे त्याच्या उभे राहण्यातूनच कळते. १९६४ च्या प्रतिमांपासून ॲडम्स यांचा हा पहिला आणि महत्त्वाचा विच्छेद आहे.

प्रतिमांचे स्वरूप

ॲडम्स यांच्या छायाचित्रांचे सर्वांत मोठे घटनास्थळ म्हणजे ओसरी. ॲपलेशियन घरात ओसरी ही घर आणि जग यांच्यामधली जागा आहे. पाहुणा तेथपर्यंत येतो. त्यापुढे त्याला बोलवावे लागते. जॉन्सन यांना छायाचित्रासाठी हीच ओसरी उपयोगी पडली होती. ॲडम्स ओसरीवर थांबतात आणि आतही जातात. भिंतींना लावलेले वर्तमानपत्राचे कागद, येशूचे चित्र, मृत नातलगांच्या तसबिरी, झोपलेले कुत्रे, एका खाटेवर दाटीने बसलेली मुले हे सर्व त्यांच्या प्रतिमांत सारख्याच स्पष्टतेने येते. मोठ्या फिल्ममुळे हाताच्या सुरकुत्या आणि लाकडाच्या भेगा एकाच बारकाईने दिसतात. डोळ्यांना सवड देणारी, वस्तूंनी भरलेली अशी ही प्रतिमा आहे.

मृत्यू आणि श्रद्धा हे या कामाचे आणखी दोन आधार. मृत व्यक्ती घरातच ठेवून नातलगांनी तिच्याभोवती जमण्याची आणि त्या प्रसंगाचे छायाचित्र काढून ठेवण्याची रीत या डोंगरांत दीर्घकाळ होती. ॲडम्स यांचे घरातील अंत्यविधीचे छायाचित्र बाहेरच्या प्रेक्षकाला धक्कादायक वाटते; त्या कुटुंबाच्या दृष्टीने ते परंपरेतले आहे. बायबलमधील मार्कच्या शुभवर्तमानातील शेवटच्या अध्यायाचा शब्दशः अर्थ घेऊन उपासनेत विषारी साप हाताळणाऱ्या छोट्या पंथांनाही त्यांनी चित्रित केले. केंटकी राज्याने १९४० मध्येच या प्रथेवर कायद्याने बंदी घातली होती. ॲडम्स या लोकांकडे तमाशा म्हणून पाहत नाहीत. परंतु सापाचे छायाचित्र कलादालनात लागले की तमाशाची अपेक्षा प्रेक्षकच सोबत घेऊन येतो, ही अडचण उरतेच.

रूपाच्या अंगाने दोन गोष्टी निर्णायक आहेत : रुंद कोनाचे भिंग आणि कृत्रिम प्रकाश. छोट्या खोलीत सगळे कुटुंब सामावून घ्यायचे तर रुंद कोनाचे भिंग लागते, हे तांत्रिकदृष्ट्या खरे आहे. पण हेच भिंग जवळच्या चेहऱ्याला, हाताला किंवा पायाला मोठे करते आणि मागच्या माणसाला लहान करते. अनेक दिव्यांनी बाजूने टाकलेला प्रकाश गाल खोल करतो, डोळ्यांभोवती सावली गडद करतो. साध्या दुपारीही एखाद्या नाटकाच्या रंगमंचाचा भास होतो. दारिद्र्याची नोंद करणाऱ्या छायाचित्रकाराकडून प्रेक्षक साधेपणाची अपेक्षा करतो. ॲडम्स त्याला गडद नाट्य देतात. हे नाट्य त्या माणसाच्या जीवनातले आहे की दिव्यांच्या मांडणीतले, हे प्रतिमेवरून ठरवता येत नाही. त्यांच्यावरील बहुतेक आक्षेपांचे मूळ येथे आहे.

'डुक्कर मारणे' हे छायाचित्र आणि दस्तऐवजाचा दावा

ॲडम्स यांच्या कामातील सर्वाधिक चर्चा १९९० सालच्या 'द हॉग किलिंग' या छायाचित्राची झाली. मारलेले डुक्कर आणि भोवती उभे असलेले मोठे कुटुंब असा त्याचा विषय आहे. थंडीच्या सुरुवातीला घरचे डुक्कर मारून वर्षभराच्या मांसाची बेगमी करणे ही डोंगरी शेतकरी कुटुंबाची जुनी चाल होती. शेजारी जमत, काम वाटून घेत, मांसही वाटले जाई. परंतु या छायाचित्रातील डुक्कर ॲडम्स यांनी विकत आणले होते आणि प्रसंग छायाचित्रासाठी घडवून आणला होता. ही बाब त्यांनी लपवली नाही. जेनिफर बायचवाल यांच्या २००२ सालच्या 'द ट्रू मीनिंग ऑफ पिक्चर्स' या माहितीपटात ती उघडपणे येते.

येथे दोन बाजू निष्पक्षपणे पाहिल्या पाहिजेत. कुटुंबाच्या बाजूने पाहता कोणाचीही फसवणूक झालेली नाही. आपल्या वाडवडिलांची एक रीत पुन्हा करून दाखवण्यात त्यांना आनंद होता, मांसही घरात आले. हा एक प्रकारचा आठवणींचा प्रयोग होता. प्रेक्षकाच्या बाजूने पाहता मात्र चित्र वेगळे आहे. छायाचित्राला भूतकाळ नसतो. 'असे आम्ही पूर्वी करत असू' हे वाक्य शब्दांत सांगता येते, छायाचित्रात सांगता येत नाही. ते 'असे हे लोक करतात' एवढेच सांगते. शिवाय संग्रहालयात उभा असलेला शहरी प्रेक्षक मांस खात असला तरी कत्तलीपासून दूर असतो. त्याला या चित्रात हिवाळ्याची बेगमी दिसत नाही, रक्त दिसते. कुटुंबाला जे स्मरण वाटले, ते प्रेक्षकाला क्रौर्य किंवा मागासलेपण वाटले. म्हणजे १८९९ मधील 'समकालीन पूर्वज' ही कल्पना, ॲडम्स यांची इच्छा नसताना, या चित्रातून पुन्हा जिवंत झाली.

प्रसंग मांडून छायाचित्र घेणे हा स्वतःच दोष नव्हे. माणसाला उभे करून काढलेले प्रत्येक व्यक्तिचित्र मांडलेलेच असते, आणि तसे ते दिसतेही. दोष निर्माण होतो तो मांडलेली गोष्ट घडलेली गोष्ट म्हणून वाचली जाते तेव्हा. व्यक्तिचित्रात माणूस स्वतःला मांडतो. 'हॉग किलिंग'मध्ये एक जीवनपद्धती मांडली गेली आहे. उलमन यांनी पेटीतले जुने कपडे घालायला लावले, तीच ही वाट, फरक इतकाच की येथे सौम्यतेऐवजी उग्रता आली. ॲडम्स यांच्या संपूर्ण कामाचा निवाडा या एका छायाचित्रावरून करणे अन्यायाचे ठरेल. परंतु त्यांच्या पद्धतीची मर्यादा या छायाचित्राइतकी स्पष्टपणे अन्यत्र दिसत नाही.

आक्षेप आणि त्यांची तपासणी

ॲडम्स यांच्यावरील आक्षेप मुख्यतः तीन प्रकारचे आहेत. पहिला आक्षेप समीक्षक ए. डी. कोलमन यांनी बायचवाल यांच्या माहितीपटात मांडला आहे. त्याचा आशय असा की, ही छायाचित्रे ज्या कलाजगतात वाचली जातात, तेथील दृश्यभाषेचे संकेत चित्रांतील माणसांना ठाऊक नसतात; त्यामुळे त्यांची संमती अपुरी ठरते. या आक्षेपात तथ्य आहे, पण त्याला एक धोकाही आहे. 'या लोकांना आपली छायाचित्रे वाचता येत नाहीत' असे म्हणणारा समीक्षक नकळत त्याच जुन्या उच्चासनावर बसतो. ज्या बाईने पोलरॉइड पाहून आपल्या मुलांची जागा बदलली, तिला प्रतिमेची समज नाही असे कसे म्हणावे? समज तिला आहे. तिला माहीत नसते ते एवढेच की हजार मैलांवरील अनोळखी माणूस त्या प्रतिमेकडे कोणत्या पूर्वग्रहातून पाहील. अज्ञान असलेच तर ते दोन्ही बाजूंना आहे.

दुसरा आक्षेप स्थानिक सुशिक्षितांचा. पूर्व केंटकीत शिक्षक, वकील, परिचारिका, दुकानदारही राहतात. पदवीधर तरुण आहेत, बांधीव घरे आहेत. मग दर वेळी हॉलरच्या टोकाचेच दारिद्र्य का? हा आक्षेप प्रदेशाच्या प्रातिनिधिक चित्राची मागणी करतो. परंतु कोणत्याही एका छायाचित्रकाराने संपूर्ण प्रदेशाचे प्रतिनिधित्व केलेच पाहिजे, असा आग्रह धरता येत नाही. शिवाय या आक्षेपात कधी कधी वर्गाची लाज दडलेली असते. आपल्यातील सर्वांत गरीब माणूस चित्रात आला की आपलीही प्रतिष्ठा जाते, ही भावना समजण्याजोगी असली तरी तिचा शेवट त्या गरीब माणसाला अदृश्य करण्यात होतो. ॲडम्स यांनी दाखवलेल्या माणसांनाही दिसण्याचा हक्क आहे, आणि घरच्या भिंतीवर ती छायाचित्रे लावून त्यांनी तो बजावलेला आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर असून त्याची चर्चा तुलनेने कमी झाली आहे. या छायाचित्रांत दारिद्र्य आहे, पण दारिद्र्याचे कारण क्वचितच आहे. पूर्व केंटकीच्या डोंगरांखालील कोळशाचे हक्क एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून 'ब्रॉड फॉर्म डीड' या दस्तांद्वारे अल्प किमतीत कंपन्यांकडे गेले. जमीन शेतकऱ्याची, तिच्या पोटातील खनिज कंपनीचे. पुढे डोंगर वरून कापून कोळसा काढण्याची यंत्रे आली, तेव्हा या दस्तांच्या आधारे मालकाच्या संमतीशिवाय त्याची शेते आणि परसदार उकरण्यात आले. हॅरी कॉडिल यांनी १९६३ सालच्या 'नाइट कम्स टू द कंबरलँड्स' या ग्रंथात ही कहाणी सांगितली. १९८८ मध्ये केंटकीच्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून जमीनमालकाला संरक्षण दिले. ॲडम्स यांची कारकीर्द नेमकी याच काळातली आहे. तरीही त्यांच्या चौकटीत माणूस आणि त्याचे घर इतके भरून राहते की कंपनी, न्यायालय, रस्ता, शाळा यांना जागा उरत नाही. परिणामी दारिद्र्य हे इतिहासाचे फळ न वाटता त्या माणसाच्या स्वभावाचा, रक्ताचा किंवा नशिबाचा भाग वाटू लागते. जवळीक हे या छायाचित्रांचे बळ आहे, आणि चौकटीबाहेरचे जग दिसेनासे करण्याची किंमतही तिनेच वसूल केली आहे.

एक तुलनात्मक दृष्टिक्षेप

ॲडम्स यांच्या कामाची सीमा समजण्यासाठी त्याच परगण्यातील दुसऱ्या एका प्रयोगाकडे पाहणे उपयुक्त ठरते. वेंडी ईवाल्ड या बाहेरून आलेल्या छायाचित्रकार. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी लेचर परगण्यातील शाळकरी मुलांना कॅमेरा वापरायला शिकवले. मुलांनी स्वतःची, कुटुंबाची, प्राण्यांची आणि स्वप्नांची छायाचित्रे काढली. १९८५ साली 'पोर्ट्रेट्स अँड ड्रीम्स' या पुस्तकात ती मुलांच्या शब्दांसह प्रसिद्ध झाली. या मुलांचीही घरे गरीबच होती. परंतु त्यांच्या छायाचित्रांत विनोद, भीती आणि कल्पनारंजन आहे; दारिद्र्य तेथे पार्श्वभूमी आहे, विषय नाही. याच परगण्यातील व्हाइट्सबर्ग येथे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या 'ॲपलशॉप' या संस्थेनेही स्थानिक तरुणांच्या हाती कॅमेरा देऊन आपल्या प्रदेशाची कथा आपणच सांगण्याची परंपरा निर्माण केली. जुलै २०२२ च्या महापुरात या संस्थेच्या संग्रहाची मोठी हानी झाली. स्वतः जमवलेली प्रतिमाही किती नाजूक असते, याची ती दुःखद आठवण होय.

ईवाल्ड बाहेरच्या असूनही त्यांनी पाहण्याचा अधिकार दुसऱ्याला दिला. ॲडम्स त्या मातीचे असूनही पाहण्याचा अधिकार त्यांच्याकडेच राहिला. उभे कसे राहायचे हे माणसांनी ठरवले. भिंग, प्रकाश, निवड आणि ग्रंथातील क्रम छायाचित्रकाराने ठरवला. यावरून 'आतला' आणि 'बाहेरचा' ही वर्गवारी किती अपुरी आहे हे स्पष्ट होते. जन्मापेक्षा निर्णयांची वाटणी कशी झाली, हे पाहणे अधिक फलदायी ठरते. अर्थात याचा अर्थ ईवाल्ड यांचे काम श्रेष्ठ आणि ॲडम्स यांचे गौण असा नव्हे. वृद्धत्व, आजार, मृत्यू आणि दोन पिढ्यांमधील चेहऱ्याचे साम्य यांची जी दीर्घ नोंद ॲडम्स यांच्याकडे आहे, ती काही वर्षांच्या प्रकल्पातून मिळू शकत नाही. ज्या मुलाला आईच्या मांडीवर पाहिले, तोच पुढच्या पुस्तकात स्वतःचे मूल घेऊन उभा असतो. हे सातत्य अमेरिकन छायाचित्रणात दुर्मीळ आहे.

येथेच ॲडम्स यांच्या पुस्तकांतील गद्य मजकुराचे महत्त्व लक्षात येते. पहिल्या पुस्तकानंतर त्यांनी स्वतः कुटुंबांविषयी लिहिण्यास सुरुवात केली, ही बाब आनुषंगिक नाही. प्रतिमा एकटी सोडली तर ती आपले नाते सोबत नेत नाही, याची जाणीव त्यांना झाली असावी. या मजकुरातून माणसांना नावे मिळतात, त्यांचे बोलणे, थट्टा आणि दुखणी मिळतात. कलादालनात मात्र हा मजकूर मागे राहतो आणि भिंतीवर केवळ प्रतिमा, शीर्षक व वर्ष उरते. एकाच छायाचित्राचे पुस्तकातील वाचन आणि भिंतीवरील वाचन यांत म्हणूनच मोठे अंतर पडते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. ॲडम्स यांच्या छायाचित्रणाला दोन वाचक आहेत : प्रत हातात घेणारे कुटुंब आणि प्रतिमा विकत घेणारा किंवा पाहणारा अनोळखी प्रेक्षक. पहिल्या वाचकाशी त्यांनी दीर्घकाळ प्रामाणिकपणा राखला. दुसऱ्या वाचकापर्यंत ते नाते पोहोचवण्यात त्यांची प्रतिमा अनेकदा अपुरी पडते.

२. छायाचित्र घेण्यास दिलेली संमती ही त्या छायाचित्राच्या प्रत्येक संभाव्य अर्थाला दिलेली संमती नसते. म्हणून प्रक्रियेतील सद्भाव हा प्रतिमेच्या समर्थनाचा पुरावा म्हणून पुरेसा नाही. तसेच प्रेक्षकाचा पूर्वग्रह हा छायाचित्रकाराच्या दुष्ट हेतूचा पुरावाही नाही.

३. व्यक्तिचित्रांत ॲडम्स यांचे बळ आहे, कारण तेथे माणूस स्वतःला मांडतो. लुप्त होत चाललेल्या जीवनपद्धतीचा प्रयोग घडवून आणताना त्यांचा दस्तऐवजाचा दावा दुबळा होतो.

४. दारिद्र्याच्या आर्थिक आणि कायदेशीर कारणांची चौकटीतील अनुपस्थिती ही या कामाची सर्वांत मोठी उणीव होय. ती काही अंशी पुस्तकांतील मजकुराने भरून निघते. त्यामुळे तो मजकूर छायाचित्रांचा अविभाज्य घटक मानून वाचला जाणे आवश्यक आहे.

ॲडम्स यांच्याविषयी आदर बाळगूनही त्यांच्याशी मतभेद ठेवता येतो, नव्हे त्यांचे काम तशी मागणीच करते. त्यांनी आपल्या माणसांकडे पाठ फिरवली नाही. दर उन्हाळ्यात ते मागच्या वर्षीच्या प्रती घेऊन ओसरीवर परत आले. ज्या प्रदेशात कॅमेरा घेऊन आलेला माणूस छायाचित्र घेऊन जातो आणि पुन्हा दिसत नाही, हाच पिढ्यांचा अनुभव होता, तेथे ही गोष्ट लहान नाही. मात्र ओसरीवर मिळालेला विश्वास दूरच्या भिंतीवर आपोआप पोहोचत नाही, आणि तो पोहोचवण्याची जबाबदारी छायाचित्रकार, प्रकाशक, कलादालन व समीक्षक या सर्वांवर येते. ग्रामीण जीवनाच्या कोणत्याही नोंदकाराला, त्याचे साधन कॅमेरा असो वा लेखणी, या कारकीर्दीतून घेता येईल असा हा धडा आहे.